चित्र, चित्रकथी आणि प्रक्षोभ : मकबूल फिदा हुसेन यांच्या रेषेची चिकित्सा

प्रास्ताविक

‘भारतमाता’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या चित्रासंबंधी मकबूल फिदा हुसेन यांच्याविरुद्ध २००६ मध्ये देशात ज्या खाजगी फौजदारी तक्रारी दाखल झाल्या, त्यांतील एक पंढरपूरच्या न्यायालयात होती. उरलेल्या राजकोट, भोपाळ आणि इंदूर येथील. पंढरपूर हे हुसेन यांचे जन्मगाव आणि इंदूर हे त्यांचे बालपण गेलेले शहर. ज्या दोन गावांनी या चित्रकाराला डोळे दिले त्याच दोन गावांतून त्याच्या नावे समन्स निघावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु सोलापूर जिल्ह्यात बसून साहित्य आणि कला शिकविणाऱ्यांनी तो इतक्या सहजतेने सोडून देऊ नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हुसेन यांच्यावरील लेखन बहुधा दोन टोकांना विभागलेले आढळते. एका बाजूस अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार, तर दुसऱ्या बाजूस श्रद्धेच्या अवमानाची फिर्याद. दोन्ही बाजूंनी चित्राकडे पाहण्याचे काम मात्र फारसे झालेले नाही. ‘प्रक्षोभक’ हा गुण चित्राच्या अंगी असतो, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. एक त्याचे कौतुक करतो, दुसरा निषेध. हे गृहीतच तपासून पाहावे, हा येथील हेतू आहे. चित्र आपल्या परंपरेत एकटे कधी हिंडत नव्हते. त्याच्यासोबत सांगणारा असे. हुसेन यांच्या बाबतीत हा सांगणारा बदलला आणि बदलला तेव्हा ती जागा रिकामी होती, असे माझे प्रतिपादन आहे.

रेषेची जडणघडण

हुसेन यांचा जन्म १९१५ चा, सुलेमानी बोहरा कुटुंबातील. आई झैनब मूल दीड वर्षाचे असतानाच निवर्तली. तिचे छायाचित्रही मागे राहिले नाही. वडिलांनी पुढे इंदूरला संसार थाटला. त्यांच्या चित्रांतील स्त्रियांना चेहरा का नसतो, याचे उत्तर अनेक अभ्यासकांनी या घटनेत शोधले आहे आणि मदर तेरेसांच्या चित्रमालिकेबाबत हुसेन यांनी स्वतःही त्यास दुजोरा दिला होता. चरित्रातून चित्राची उकल करण्याची ही पद्धत मला पूर्णतः पटत नाही. आई हरपलेले चित्रकार पुष्कळ असतात, पण ते सगळेच बिनचेहऱ्याच्या स्त्रिया रंगवीत नाहीत. तरीही मदर तेरेसांच्या मालिकेत निळ्या काठाचे पांढरे पातळ हेच संपूर्ण व्यक्तिमत्त्व होते आणि चेहऱ्याच्या जागी काळोख राहतो, हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. तेथे वस्त्र ही खूण आहे. वस्त्र काढले तर मदर तेरेसा उरतच नाहीत. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते मुंबईस आले आणि चित्रपटांचे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाच्या दराने मिळे. नंतर लाकडी खेळणी व मुलांच्या खोल्यांचे फर्निचर यांचे आराखडे करण्याची नोकरी त्यांनी केली. समीक्षक हा काळ ‘हलाखीचे दिवस’ म्हणून दोन वाक्यांत आटोपतात. वस्तुतः हुसेन यांची रेषा याच काळात घडली. पडद्यासाठी लावावयाचा फलक रस्त्याच्या पलीकडून, चालत्या ट्राममधून, क्षणार्धात कळावा लागतो. तेथे तपशील निरुपयोगी ठरतो आणि एका दमात ओढलेली, वळणावर जाड होणारी बाह्यरेषाच कामाला येते. खेळण्यातही तेच, कारण घोडा घोडा म्हणून ओळखू येण्यासाठी मान, आयाळ आणि उचललेला पाय एवढे पुरेसे होते. पुढे हुसेन यांचे घोडे जगभर गेले. इंदूरच्या मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल त्यांच्या मुळाशी आहे, असे ते सांगत. त्यात या लाकडी घोड्याचाही वाटा असावा.

१९४७-४८ च्या सुमारास फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासमवेत हुसेन सामील झाले. १९४८ मध्ये दिल्लीस भरलेल्या भारतीय कलेच्या प्रदर्शनात त्यांनी मथुरेची आणि गुप्तकालीन शिल्पे पाहिली, बसोहलीची लघुचित्रे पाहिली. शिल्पातून देहाचा डौल, लघुचित्रांतून सपाट प्रखर रंग आणि लोककलेतून निरागसता अशी ही सामग्री त्यांनी उचलली. १९५५ मध्ये ‘जमीन’ या चित्रास राष्ट्रीय पारितोषिक लाभले. यात लक्षात घ्यावयाचे ते असे की, स्त्रीदेहाची अनावृतता हुसेन यांच्याकडे पॅरिसमधून आलेली नाही, ती मथुरेच्या यक्षींकडून आलेली आहे. मात्र यक्षी तांबड्या दगडात, स्तूपाच्या कठड्यावर उभी असते. तिच्याभोवती एक वास्तू असते. कागदावरील रेषेला वास्तू नसते.

१९५४ च्या ‘ग्रामयात्रा’ या चित्राचा येथे विशेष उल्लेख करावा लागेल. सुमारे चौदा फूट लांबीच्या या कॅनव्हासवर तेरा चौकटी आहेत आणि प्रत्येकीत खेड्यातील जीवनाचे एक दृश्य. दळणारी बाई, बैलगाडी, शेतकरी, मूल. एका चौकटीतून दुसरीत जाणारी सलग गोष्ट तीत नाही. तरी डोळा आपोआप क्रमाने फिरतो. जपानी मांगाची आज जगभर जी मोहिनी आहे ती अशाच चौकटींच्या क्रमाची आहे. आपल्याकडे असा क्रम चित्रकथीच्या पोथीत होता. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जतन केलेल्या या परंपरेत एकेक चित्र पुढे धरले जाते आणि रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगितले जाते. ज्याच्या हाती पोथी, त्याच्याच मुखी कथा. प्रेक्षकाला सुटे चित्र मिळतच नाही.

बैलगाडीतील रामायण

डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून हुसेन यांनी १९६८ च्या सुमारास रामायणावरील चित्रमालिका हाती घेतली. हैदराबादचे बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून त्यांनी अनेक वर्षांत सुमारे दीडशे चित्रे काढली. ही चित्रे बैलगाडीत घालून हैदराबादच्या परिसरातील खेड्यांतून दाखविली आणि एकाही गावकऱ्याने हरकत घेतली नाही, असे हुसेन पुढे वारंवार सांगत. या हकिगतीचा उपयोग त्यांचे पाठीराखे असा करतात की, बघा, खेडूत समंजस आणि शहरी माणूस असहिष्णु. हा निष्कर्ष घाईचा आहे. खेड्यात चित्र गाडीतून आले, ते आणणारा माणूस समोर उभा होता आणि रामकथा सर्वांना पाठ होती. ही चित्रकथीचीच रीत झाली. १९७१ च्या साओ पाउलो येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात पिकासोसह त्यांना निमंत्रण मिळाले तेव्हा त्यांनी महाभारत नेले. तेथे कथा कोणालाही पाठ नव्हती, मात्र पाहणाऱ्याला आधुनिक चित्र कसे पाहावे याचे शिक्षण होते. दोन्ही ठिकाणी चित्रासोबत काहीतरी होते.

सप्टेंबर १९९६ मध्ये मात्र तसे काही नव्हते. भोपाळहून निघणाऱ्या ‘विचार मीमांसा’ या हिंदी मासिकाने हुसेन यांचे सरस्वतीचे एक रेखाचित्र छापले. ते १९७० च्या दशकातील होते, म्हणजे सुमारे दोन दशके ते अस्तित्वात होते आणि त्याविरुद्ध कोणीही तक्रार केलेली नव्हती. मासिकाच्या लेखाचे शीर्षकच हुसेन हे चित्रकार की खाटिक, असे विचारणारे होते. महाराष्ट्राचे तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री प्रमोद नवलकर यांनी तो लेख मुंबई पोलिसांकडे धाडला आणि भारतीय दंड संहितेच्या १५३-अ व २९५-अ या कलमांखाली गुन्हा नोंदविला गेला. ऑक्टोबरमध्ये अहमदाबादच्या हर्विट्झ दालनात बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी चित्रांची नासधूस केली. मे १९९८ मध्ये मुंबईतील त्यांच्या घरावर हल्ला झाला.

रेषा तीच होती. बदलला तो चित्रकथी. आता पोथी मासिकाच्या हाती होती आणि आख्यान शीर्षकाने सांगितले जात होते. ज्यांनी मोडतोड केली त्यांनी चित्र पाहिले नव्हते, असे आपण म्हणतो. त्यांनी चित्र पाहिलेच होते, परंतु ते एका कथेचे चित्र म्हणून पाहिले आणि ती कथा हुसेन यांची नव्हती.

२००६ मध्ये हाच प्रकार अधिक स्पष्टपणे घडला. काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी योजलेल्या लिलावात एक चित्र मांडले गेले आणि त्याची जाहिरात ‘भारतमाता’ या शीर्षकाने प्रसिद्ध झाली. हुसेन यांनी चित्र निनावीच विकले होते, हे नाव त्यांनी दिलेले नव्हते आणि लिलावाशी त्यांचा संबंध नव्हता, ही बाजू दिल्ली उच्च न्यायालयापुढे मांडण्यात आली. ८ मे २००८ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी सर्व तक्रारींवरील कारवाई रद्द ठरविली. नग्नता म्हणजेच अश्लीलता नव्हे, हे त्या निकालातील सूत्र सर्वत्र उद्धृत झाले. एका चित्रासाठी देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील न्यायालयात तक्रार करून चित्रकाराला फिरविता येते, ही त्यातील चिंता मला अधिक मोलाची वाटते, कारण तेथे कायदा चित्राच्या प्रवासाविषयी बोलतो. सप्टेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हुसेन मात्र २००६ मध्येच देशाबाहेर गेले होते.

जपानमधील एका खटल्याची येथे तुलना करता येईल. रोकुदेनाशिको या टोपणनावाने मांगा काढणाऱ्या मेगुमी इगाराशी या चित्रकर्तीला २०१४ मध्ये अटक झाली. स्वतःच्या गुह्यांगाच्या साच्यावरून तिने केलेल्या लहान प्रतिमा एका दुकानात मांडल्या होत्या, तसेच त्याच अवयवाची त्रिमितीय संगणकीय प्रत तिने आपल्या देणगीदारांना पाठविली होती. २०१६ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने प्रतिमांच्या प्रदर्शनाबाबत तिला निर्दोष ठरविले, परंतु संगणकीय प्रत वाटल्याबद्दल चार लाख येनचा दंड केला. २०२० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तेथील कायदा अश्लीलतेचा आहे, श्रद्धेच्या अवमानाचा नाही. त्यामुळे साम्य फार ताणू नये. तरी रंगविलेली, सजविलेली मूर्त वस्तू कला ठरली आणि तिची निव्वळ प्रत गुन्हा ठरली, ही गोष्ट बोलकी आहे. प्रतीसोबत कलावंताचा हात जात नाही.

सरस्वती : पाटीवरची आणि छापखान्यातली

हुसेन यांच्या समर्थनार्थ खजुराहो आणि कोणार्कचा दाखला हमखास दिला जातो. तो मला अपुरा वाटतो. खजुराहोची शिल्पे हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि आजच्या भाविकाच्या मनातील सरस्वती तेथून आलेली नाही. ती राजा रविवर्म्याच्या शिळाछाप चित्रांतून आली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेला त्यांचा छापखाना नसता तर जरीकाठी पातळ नेसलेली, खडकावर बसून वीणा वाजविणारी ही देवी घरोघरच्या भिंतीवर आली नसती. म्हणजे १९९६ चा वाद प्राचीन परंपरा आणि आधुनिक विकृती यांच्यातला नव्हता. एका छापील प्रतिमेविरुद्ध दुसरी छापील प्रतिमा, असा तो होता. पहिलीने शंभर वर्षे पूजा मिळवून ठेवली होती.

आणखी एक सरस्वती आहे, जिचा उल्लेख या वादात कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. दसऱ्याला महाराष्ट्रातील मुले पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. उभ्या-आडव्या, तिरप्या एकांची ती मांडणी. तिला चेहरा नाही, देह नाही, वस्त्रही नाही, तरी तिच्यावर हळदकुंकू आणि फूल वाहिले जाते. निव्वळ रेषेची देवी आपल्याला परकी नाही. हुसेन यांची रेषा या पाटीवरील सरस्वतीपासून फार दूर नव्हती, असे कोणी मराठीत त्या वेळी लिहिले असते तर काही फरक पडला असता काय, हे सांगता येणार नाही. पण लिहिले गेले नाही. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांच्यासारख्या जाणकार मराठी समीक्षकाचे हुसेन यांच्यावरील पुस्तक १९९६ मध्येच आले, ते इंग्रजीत. गीता कपूर यांचा १९७८ चा अभ्यासही इंग्रजीतच आहे. विरोधाची पत्रके मात्र हिंदीत आणि मराठीत निघत होती. चित्रकथीची जागा रिकामी होती असे मी वर म्हटले ते याच अर्थाने, आणि त्या रिकामेपणात आपल्या विद्यापीठीय वर्गाचा वाटा आहे.

विरोधकांच्या आक्षेपाचा मात्र न्याय्य विचार झाला पाहिजे. देवी विवस्त्र आणि आई, मुस्लिम स्त्री किंवा मदर तेरेसा सवस्त्र, हा भेद त्यांनी दाखवून दिला. हा भेद खरा आहे आणि तो ‘कलेचे स्वातंत्र्य’ या दोन शब्दांनी पुसला जात नाही. मदर तेरेसांच्या बाबतीत वस्त्र हीच ओळख आहे, हे वर सांगितले. देवीच्या बाबतीत ओळख आयुधांनी आणि वाहनांनी होते. वीणा आणि मोर असले की देह कसाही असला तरी ती सरस्वतीच राहते. चित्रकाराच्या दृष्टीने हे समर्थन सुसंगत आहे. भाविकाच्या दृष्टीने ते अपुरे आहे, कारण त्याच्यासाठी नेसविणे हीच उपासना असते. पंढरपुरात हे वेगळे सांगावे लागत नाही. विठ्ठलाला रोज स्नान घातले जाते, पोशाख चढविला जातो, ऋतूनुसार उपचार बदलतात. दगडाचा देव वस्त्राने घरातला होतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये विठ्ठलाच्या दिगंबर बालरूपाच्या परंपरेची चर्चा केली आणि मूळ मूर्तीचा शोध आपल्याच जिल्ह्यातील माढ्यापर्यंत नेला. त्यांनाही रोषास सामोरे जावे लागले. परंतु ढेरे यांनी आपल्या म्हणण्यामागे ग्रंथांचा आधार उभा केला, मराठीत केला, शेकडो पृष्ठे खर्चून केला. त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि आज वारकरी संप्रदायाचा अभ्यास त्यावाचून होत नाही. ढेरे स्वतःच आपले चित्रकथी होते.

हुसेन यांनी हे केले नाही. त्यांनी क्षमा मागितली, मौन पाळले, विनोद केला. आपल्या सरस्वतीमागचा विचार सविस्तर मांडणे त्यांनी टाळले. हा त्यांचा दोष आहे, असे मला नोंदवावेसे वाटते, कारण प्रसिद्धीचे तंत्र त्यांना अपरिचित नव्हते. अनवाणी चालणे, हाती लांब कुंचला, माधुरी दीक्षितवरील चित्रे आणि ‘गजगामिनी’ (२०००) हा चित्रपट, हे सर्व फलक रंगविणाऱ्याचेच शहाणपण होते. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींना दुर्गारूपात रंगवून त्यांनी सत्तेला जे चित्र दिले ते त्यांच्या कीर्तीवरील खरे गालबोट आहे. गंमत अशी की, त्या दुर्गेवर कोणी खटला भरला नाही. १९९२ मध्ये जहांगीर कलादालनात ‘श्वेतांबरी’ या नावाने त्यांनी पांढऱ्या कापडांचे पट आणि जमिनीवर वर्तमानपत्राचे कपटे मांडले. चित्रे पाहायला आलेले लोक रुष्ट झाले. छापील कागद चित्राला कसा गिळतो, हे या माणसाला ‘विचार मीमांसा’च्या चार वर्षे आधी उमगले होते, असे आज वाटते. २००४ मध्ये ‘मीनाक्षी’ या त्यांच्या चित्रपटातील गीतावर मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी तो चित्रपटगृहांतून मागे घेतला. तेव्हाही स्पष्टीकरण दिले नाही.

‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सखाराम बाइंडर’ (दोन्ही १९७२) यांच्या वेळी विजय तेंडुलकर एकटे पडले नाहीत, कारण नाटकामागे संस्था असते, नट असतात, प्रयोगाला येणारा प्रेक्षक असतो. चित्राचा प्रेक्षक आधी ठरत नाही, आणि छापल्यानंतर तर तो मोजताही येत नाही.

२०१० मध्ये हुसेन यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि भारतीय पारपत्र परत केले. पद्मविभूषणाने गौरविलेला, राज्यसभेत सहा वर्षे बसलेला हा चित्रकार ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारला. ब्रुकवुड दफनभूमीत त्याचे दफन झाले. ‘ग्रामयात्रा’ त्याच्याही आधी देशाबाहेर गेली होती. १९५४ मध्येच ती विकत घेतली गेली आणि कित्येक दशके ऑस्लोच्या रुग्णालयात लोकांच्या नजरेआड राहिली. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर इतकी किंमत आली. त्याच्या दोन महिने आधी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीच्या एका कलादालनात मांडलेली हुसेन यांची दोन चित्रे न्यायालयाच्या आदेशाने जप्त झाली होती. एक गणपतीचे होते, दुसरे हनुमंताचे. वर्षाअखेरीस दोहा येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. पंढरपुरात त्यांचे एकही चित्र सार्वजनिक ठिकाणी पाहावयास मिळत नाही आणि ‘ग्रामयात्रे’तील दळणारी बाई आमच्या विद्यार्थ्यांना दाखवायची तर ती संगणकाच्या पडद्यावर, छापील प्रतीतूनच दाखवावी लागते. तेव्हा चित्र पुढे धरून उभा असतो तो अध्यापक.